नऊ महिने जिउ-जित्सू: पाडायला भरपूर शिकवलं, उठायला फार कमी

जिउ-जित्सू म्हणजे पकडी आणि जमिनीवरच्या झटापटीची कला. तिचा क्लास आठवड्यातून तीन दिवस, दीड-दीड तास, महिना 3,000 रुपये. नऊ महिन्यांचे 27,000 झाले; गी (सरावाचा जाड पोशाख) आणि रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट) यांचा खर्च वेगळा. एवढं शिकून काँक्रीटवर, पायात बूट असताना, खाली बसून उठायची कृती पहिल्यांदा करून पाहिली, तर मागे ओढलेला पाय निम्म्यातच अडकला. म्हणून हे लिहायला घेतलं.

क्लास स्पर्धेसाठी लावला नव्हता. रस्त्यावर कुणी खाली पाडलं तर काय करायचं, एवढाच प्रश्न होता. तेव्हा मोजमापही त्याचंच.

जमिनीवरून उठण्याला तिथे टेक्निकल स्टँड-अप म्हणतात. डाव्या कुशीवर असाल तर डावा तळहात कमरेच्या मागे वीतभर अंतरावर टेकायचा, बोटं शरीरापासून बाहेरच्या बाजूला. उजवं पाऊल जमिनीत रोवायचं, उजवा हात चेहऱ्यासमोर. डावा पाय मोकळा: समोरच्याच्या नडगीवर किंवा गुडघ्यावर लाथ मारून त्याला लांब ठेवायला. तो मागे सरकला की डाव्या हातावर आणि उजव्या पावलावर कंबर उचलायची, डावा पाय खालून काढून टेकलेल्या हाताच्याही मागे न्यायचा आणि मगच हात सोडायचा. तळहात फार जवळ टेकला तर पायाला जागा राहत नाही. फार लांब टेकला तर सगळा भार खांद्यावर येतो. वजन पुढे टाकत उठलं तर डोकं थेट त्याच्या गुडघ्यासमोर जातं. नजर जमिनीकडे गेली तर लाथ येताना दिसत नाही. लाथ मारून अंतर न करता उठायला गेलं की पुन्हा खाली.

हे सगळं शिकवलं, पण वॉर्म-अपमध्ये पाच मिनिटं, तेही अनवाणी, 40 मिमीच्या मऊ मॅटवर. मॅटवर बूट नकोत हा नियम बरोबरच आहे. त्वचेचे संसर्ग असेच पसरतात. पण अनवाणी पाऊल मॅटवरून घासत नेलं तरी चालतं, त्यामुळे कंबर अर्धवट उचलायची सवय लागते. बुटाचा रबरी सोल काँक्रीटला धरतो, चवडा अडकतो आणि माणूस त्याच हातावर परत बसतो. उपाय साधा आहे: टेकलेला हात सरळ होईपर्यंत कंबर उचला, चवडा नडगीकडे ओढून धरा, गुडघा आधी छातीकडे आणा, मग पाऊल मागे न्या. इतकी छोटी दुरुस्ती नऊ महिन्यांत कुणी सांगितली नाही, याचा राग अजून जात नाही. चपलेचं आणखी वेगळं. ती अर्धी निघून पायाखाली दुमडते, म्हणून पहिल्या लाथेआधीच झटकून टाकावी.

पडण्याचंही तसंच. हनुवटी छातीला लावून डोकं वाचवणं कुठेही लागू पडतं. सरळ हात मागे टेकून पडू नये, मनगट मोडतं, हेही चांगलं घोटून घेतलं. पण मॅटवर हात आपटून धक्का जिरवायची जी सवय लागते, तीत काँक्रीटवर कोपर फुटू शकतं. तिथे गोल होऊन लोळणं बरं.

तिसऱ्या महिन्यात हे लिहिलं असतं, तर आर्मबार (कोपर उलटं ताणायचा डाव) आणि गळा आवळण्याचे डाव रस्त्यासाठी वाया आहेत, असंच लिहिलं असतं. ते मत आता अर्धं बदललंय. डाव नाही, पण त्यांच्यासाठी होणारं पाच-पाच मिनिटांचं स्पारिंग कामाचं आहे. जोडीदार खरोखर अडवत असतो, पहिल्याच मिनिटात दम संपतो, आणि तरीही श्वास चालू ठेवून विचार करावा लागतो. नुसत्या सरावात सगळ्यांचंच सगळं जमतं.

माउंटमधून सुटणं तिथेच खरं कळलं. छातीवर बसलेल्याला सरळ हातांनी ढकलू नये, ते हात त्याला आयते मिळतात. टाचा नितंबांजवळ घेऊन कंबरेच्या झटक्याने त्याला पुढे पाडायचं. त्याचे हात जमिनीला लागले की एक हात कोपरावर धरून छातीशी बांधायचा, त्याच बाजूचं त्याचं पाऊल आपल्या पावलाने अडवायचं, आणि आधी वर, मग त्या खांद्यावरून तिरकं लोळवायचं. पाऊल अडवलं नाही तर तो तेच टेकून वाचतो. लोळवल्यावर वर थांबून मारत बसायचं नाही, उठून निघायचं.

तालमीतून आलेल्या मुलांना एक गोष्ट विसरणं फार जड जातं. कुस्तीत पाठ टेकली की चितपट, म्हणून खाली गेल्याबरोबर ती पालथी होतात. रस्त्यावर पालथं होणं म्हणजे डोक्याची मागची बाजू आणि मान मारणाऱ्याच्या हातात देणं. तोंड आणि पाय त्याच्याकडेच हवेत. मात्र पट (पाय धरून पाडायचा डाव) धरायला आणि सोडवायला ती इतरांच्या कितीतरी पुढे असतात. मुळात खालीच जाऊ नये, हे तालीमच जास्त चांगलं शिकवते.

1993 मध्ये डेन्व्हरला पहिल्या यूएफसीत, म्हणजे वेगवेगळ्या युद्धकलांच्या लढतींच्या स्पर्धेत, जिउ-जित्सूवाला रॉयस ग्रेसी जिंकला, हा दाखला क्लासमध्ये सारखा दिला जातो. पण तिथे एकासमोर एकच होता, चावायला आणि डोळ्यांत बोटं घालायला बंदी होती. रस्त्यावर आर्मबार धरून पडून राहिलात तर त्याचा मित्र तुमच्या डोक्यात लाथ घालू शकतो.

पाठीवर सॅक असेल तर कुशीवर सरकताच येत नाही. निदान एका खांद्याचा पट्टा सोडवावा. हेल्मेट राहू द्यावं, डोकं वाचतं, पण ते धरून मान पिळता येते, तेव्हा हनुवटी आत. लांब कुर्त्याच्या घोळावर त्याचा गुडघा आला तर आधी ते कापड ओढून सोडवावं लागतं.

क्लासमध्ये कायद्याबद्दल एक शब्द नाही. भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम 34 ते 44 मध्ये आहे, पण बचावापुरतंच बळ वापरता येतं. तो पळू लागल्यावर पाठलाग करून मारलं तर तो बचाव राहत नाही. उठल्यावर अंतर घेऊन 112 लावणं हेही शिकवण्यात यायला हवं होतं.

क्लास सोडलेला नाही. स्पारिंगसाठी तीनऐवजी दोन दिवसांची फी भरली आहे. तिसऱ्या दिवशी जुने बूट आणि रिकामी सॅक घालून आधी गवतावर, मग फरशीवर: उजव्या कुशीवरून दहा वेळा, आणि डाव्या कुशीवरून वीस वेळा, कारण अडकतो तो डावाच पाय.