.२२३ साठी स्टिक पावडर की बॉल पावडर?

प्रेस आणि डाय, म्हणजे घरी काडतुसं भरायचं यंत्र आणि त्याचे साचे, घेऊन झाले की .२२३ रेमिंग्टन हे रायफलचं काडतूस भरणारा माणूस अमेरिकेतल्या दुकानात पावडरच्या, म्हणजे बंदुकीच्या दारूच्या, डब्यांपुढे येऊन थबकतो. एकीकडे व्हारगेट, आयएमआर ४०६४ अशा स्टिक (बारीक दांड्यांच्या) पावडरी, दुसरीकडे एच३३५, सीएफई २२३ अशा बॉल (गोल दाण्यांच्या) पावडरी. लोड मॅन्युअलमध्ये (किती पावडर भरायची ते सांगणाऱ्या पुस्तकात) दोन्ही प्रकार आहेत आणि दोन्हींनी उत्तम काडतुसं होतात. पावडर मेझरचं, म्हणजे पावडर मापून सोडणाऱ्या उपकरणाचं, हँडल ओढल्यावर दर वेळी सारखंच माप पडतं का, एवढंच मी इथे पाहणार आहे. माझा निर्णय त्यावरच झाला.

मेझर वजन करत नाही, आतल्या फिरत्या ड्रमच्या पोकळीत मावेल तेवढी पावडर केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या पितळी नळकांड्यात, सोडतो. सोऱ्यातून शेव पाडावी तशी स्टिक पावडर साच्यातून दाबून काढतात आणि मग तिचे तुकडे करतात. हे तुकडे पोकळीत आडवेतिडवे पडतात. हात जरा जोरात पडला किंवा हॉपरमधली (वरच्या साठ्याच्या भांड्यातली) पातळी उतरली की माप हलतं. कधी एखादी दांडी ड्रमच्या कडेत सापडते, ‘कट्’ होऊन तुटते आणि तो धक्का मनगटाला जाणवतो. बॉल पावडरचे बारीक गोल दाणे वाळूसारखे आपोआप बसतात. माझ्या स्केलवर बॉलची मापं बहुतेक वेळा दशांश ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे पौंडाचा सात हजारावा भाग) आतबाहेर राहतात, स्टिकची याहून बरीच जास्त हलतात. तुमचा मेझर वेगळा असेल तर आकडेही थोडे वेगळे येतील.

पण एवढ्या फरकाने मी स्टिक सोडली नसती. कागदावरच्या निशाण्यात २०० यार्डांपर्यंत तो मला कधी दिसला नाही. मला छळलं ते तुंबण्याने. .२२३ च्या केसची मान (गोळी बसते ते अरुंद तोंड) आतून जेमतेम ५.७ मिलिमीटर. लांब दांड्या फनेलच्या तोंडाशी एकमेकींत अडकून पूल बांधतात. वरून सगळं ठीक वाटतं आणि केस अर्धीच भरते. पुढच्या केसला तो पूल कोसळतो आणि पावडर शेलप्लेटभर (केस धरणाऱ्या तबकडीभर) सांडते. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर (हँडलच्या दर ओढीला एक काडतूस पुरं करणाऱ्या यंत्रावर) हे झालं की लय तुटते, सगळं थांबवून झाडावं लागतं. शिवाय अर्धी केस नजरेतून सुटली तर गोळी नळीतच अडकू शकते, आणि तिच्या मागून दुसरी झाडली तर रायफल फुटते. दर केसमागे ही धास्ती बाळगून भरण्यात मला समाधान वाटेना. .३०८ या मोठ्या काडतुसाची मान रुंद, तिथे हा त्रास बराच कमी.

बॉलचे दोष झाकणार नाही. स्टिकमधल्या व्हारगेटसारख्या पावडरी उन्हाळा-हिवाळ्यात वेग फारसा बदलू देत नाहीत, बऱ्याच जुन्या बॉल पावडरी बदलतात. ॲरिझोनाच्या उन्हात सामने खेळणाऱ्याने हे मनावर घ्यावं. बॉलच्या दाण्यांवर ज्वलन मंद करणारा थर असतो, त्यामुळे मोठ्या केसमध्ये अनेकदा मॅग्नम प्राइमर (पावडर पेटवणारी जास्त जोराची टोपी) सुचवलेला असतो. रायफलमध्ये मळ साचण्याचा आरोपही जुना आहे. १९६४ मध्ये अमेरिकन लष्कराच्या एम१६ रायफलच्या काडतुसात आयएमआर स्टिकच्या जागी डब्ल्यूसी ८४६ ही बॉल पावडर आली. तिच्यातल्या कॅल्शियम कार्बोनेटने रायफलची गॅस ट्यूब (यंत्रणा चालवणारा वायू मागे नेणारी नळी) तुंबत असे. पुढे ते प्रमाण कमी केलेली डब्ल्यूसी ८४४ आली, आणि दुकानातली एच३३५ ही तिचंच नागरी रूप.

लांब पल्ल्यासाठी मोजकी काडतुसं भरणार असाल आणि प्रत्येक माप स्केलवर ट्रिकलरने (दाणा दाणा सोडणाऱ्या नळीने) पूर्ण करणार असाल, तर स्टिकच घ्या. तिथे मेझरचा प्रश्नच उरत नाही. आयएमआर ८२०८ एक्सबीआरसारखी आखूड दांड्यांची पावडर मधला मार्ग म्हणून चांगली आहे, मेझरमधून बरीच सुरळीत उतरते. पण क्लबच्या सामन्यांसाठी प्रेसवर डबे भरभरून .२२३ काढायची असेल, तर माझा कौल बॉलला.

पहिल्यांदा एक पौंडाचाच डबा आणा. ७००० ग्रेनमध्ये पावणेतीनशेच्या आसपास .२२३ होतात, आपल्या मेझरचा स्वभाव कळायला तेवढ्या पुरतात. सुरुवातीची काही मापं परत हॉपरमध्ये ओता, मग तोलायला लागा. गोळी बसवण्याआधी प्रत्येक केसमध्ये उजेड पाडून पातळी बघा, बॉल असली तरीही. आणि काम संपलं की हॉपर रिकामा करून पावडर तिच्याच डब्यात परत ओता.