दर रविवारची भेट की पंधरवड्याचा मुक्काम?

मुलाचा ताबा आईकडे राहणार हे एकदा ठरले, की वडिलांसमोर प्रश्न उरतो तो भेटीच्या स्वरूपाचा. कोल्हापुरात वकिलांकडे काय किंवा समुपदेशकांसमोर काय, बहुधा दोनच पर्याय पुढे येतात : दर रविवारी काही तासांची भेट, अथवा पंधरवड्यातून एकदा शनिवार-रविवारचा मुक्काम आणि सुट्ट्यांतले निम्मे दिवस. मी दोन्ही अनुभवले आहेत. पाच वर्षांच्या आतील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असे हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ सांगतो. त्या वयात मुक्कामाचा आग्रह मीही धरला नसता.

साप्ताहिक भेटीची जमेची बाजू मोठी आहे. मूल आठवड्यापेक्षा जास्त काळ दुरावत नाही आणि आईचाही हळूहळू विश्वास बसतो. रंकाळ्यावर किंवा टाउन हॉलच्या बागेत बापलेकीचे दोन-तीन तास बरे जातात, पावसाळ्यात मात्र जागेचीच पंचाईत होते. पण मला नकोसे झाले ते त्याआधीचे निरोप. मुलगी इचलकरंजीला असल्याने दर शुक्रवारी वेळ नव्याने ठरवावी लागे. कधी स्कॉलरशिपचा जादा तास, कधी मामाकडची वास्तुशांत. कारणे खरीच असत; तरीही प्रत्येक कारणामागून येणारी घासाघीस रविवारपर्यंत पुरे आणि मुलगी गाडीतून उतरतानाच ‘आज किती वाजेपर्यंत?’ असे विचारी.

मुक्कामात ही घासाघीस निम्म्यावर आली, एवढ्या एका कारणाने माझे पारडे तिकडे झुकले. शिवाय शनिवारी रात्री साडेनऊला ‘उद्या चार्टपेपर लागणार आहे’ हे ऐकून महाद्वार रोडवर उघडे दुकान शोधत फिरणे, हे बागेतल्या भेटीत कधी वाट्याला येत नाही. मधले बारा-तेरा दिवस लांबतात आणि भूगोलाची वही नेमकी दुसऱ्या घरी राहते, हे मान्यच आहे.

दोघांनी मिळून न्यायालयात द्यायच्या संमतीच्या अटींमध्ये ‘दिवाळीची सुट्टी निम्मी-निम्मी’ एवढेच लिहून भागत नाही. लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज कोणत्या वर्षी कोणाकडे, हे स्पष्ट लिहावे. ललिता पंचमीची त्र्यंबोली यात्रा तर तिथीने येते, वार पाहून नव्हे. आजीला नातीला घेऊन टेंबलाईला, म्हणजे त्र्यंबोलीला, जायचे असेल, तर तो दिवस वेगळा मागून घ्यावा. बुडालेल्या भेटीची भरपाई केव्हा, हेही त्यातच यावे.

अविवाहित पालकांची गोष्ट थोडी निराळी आहे. वर सांगितलेल्या १९५६ च्याच कायद्यानुसार तेथे नैसर्गिक पालक, म्हणजे कायदा मुळातच ज्याला पालक मानतो तो, आधी आई आणि तिच्यानंतर वडील. शिवाय अविवाहित आईने पालकत्वासाठी अर्ज करताना वडिलांना नोटीस देणे अनिवार्य नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला आहे. अशा वडिलांनी सुरुवात साप्ताहिक भेटीनेच करणे मला व्यवहार्य वाटते. ताब्याचे आणि भेटीचे आदेश परिस्थितीनुसार बदलून मागता येतात. तरी मूल कितव्या वर्षी मुक्कामाला येऊ लागेल, हे पहिल्याच अटींत लिहून घेतलेले बरे, म्हणजे त्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागत नाही.