माइट-प्रूफ गादी कव्हर: नाकाला उतार, डोक्याला ताप

चेन तुटली म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर पाच तारे देऊन केव्हाच मोकळा झालो असतो. धूळकिडे (माइट) अडवणारं, सहा बाय साडेसहाच्या गादीचं कव्हर, तीन बाजूंनी फिरणारी चेन, आणि नेमका कोपऱ्यावरच्या वळणावर रनर निसटून हातात आला. कापडाला दहा वर्षांची वॉरंटी आहे. चेनला नाही. हे खोक्यावर कुठेही छापलेलं नाही, फोन केल्यावर कळतं.

आधी नाकाचं सांगतो. आम्ही डोंबिवलीचे. प्रिक टेस्ट (हातावर थेंब टाकून, टोचून ॲलर्जी कशाची ते बघतात ती) झाली तेव्हा हातावर दोन फुगवटे आले, मोठा धूळकिड्यांचा आणि लहान झुरळाचा. परागकणांचे थेंब होते तसेच राहिले. (टेस्टआधी काही दिवस सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी बंद ठेवायला लावतात. रजा शिल्लक असेल तेव्हाच करा.) म्हणजे माझ्या शिंकांना ऋतू नाही, गणपती असोत की मे महिना. हे किडे पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून जगतात. आर्द्रता ५० टक्क्यांखाली ठेवली तर ते टिकत नाहीत. डोंबिवलीत ती ५० टक्क्यांखाली ठेवायची तर विजेचं बिल भरायला वेगळं कर्ज काढावं लागेल.

एअर प्युरिफायर का नाही, असं दोघा-तिघांनी विचारलं. त्रास होतो तो मुख्यतः किड्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा, आणि ते कण जड असतात. कूस बदलली की उडतात आणि थोड्या वेळात खाली बसतात. कोपऱ्यातल्या मशीनपर्यंत पोचायच्या आधी ते माझ्या नाकात पोचलेले असतात. म्हणून ते पैसे वाचवले आणि २,४०० रुपयांचं हे कव्हर घेतलं, सोबत ४५० ची उशी कव्हरांची जोडी. वीण १० मायक्रॉनपेक्षा बारीक असली की किडे आणि त्यांची घाण आतल्या आत राहते.

पहिले काही दिवस कूस बदलली की कुरकुर आवाज यायचा, एका धुण्यात गेला. उन्हाळ्यात किंचित गरम होतं, पंखा असेल तर चालून जातं. सकाळच्या शिंका मात्र खरोखर कमी झाल्या. बायकोने आपणहून म्हटलं, म्हणजे बघा.

आता चेन. कस्टमर केअरने आधी फोटो मागितले. मग बिल मागितलं. मग म्हणाले, कव्हर धुतलंय का? अहो, धुवायचंच कव्हर आहे, लेबलवर तुम्हीच लिहिलंय! शेवटी उत्तर आलं की चेन ही ‘ॲक्सेसरी’ आहे. चेनशिवाय हे कव्हर म्हणजे महागडी चादर, मग ॲक्सेसरी कशी? त्यावर आजतागायत मेल नाही. स्टेशनजवळच्या बॅग दुरुस्तीवाल्याने कव्हर उलटसुलट केलं आणि म्हणाला, “साहेब, ही तीन नंबरची चेन आहे. एवढ्या गादीला पाच नंबर लागते, तीही वळणावर शिवण वाढवून.” १८० रुपयांत नवीन पाच नंबर बसवून दिली. कंपनीने हेच पाच-पन्नास रुपये जास्त लावून केलं असतं तर मी त्यांची फुकट जाहिरात करत फिरलो असतो.

पण खरी गंमत पुढे आहे. कव्हर त्याच्याकडे दोनेक आठवडे पडून होतं आणि मी उघड्या गादीवर, साध्या चादरीवर झोपत होतो. नाक बिघडलं नाही! एखाद-दुसरी शिंक, बाकी काही नाही.

डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले. २००३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये नेमका हाच प्रयोग छापून आला होता. ॲलर्जिक ऱ्हायनायटिसच्या, म्हणजे ॲलर्जीच्या सर्दीच्या रुग्णांना अशी कव्हरं दिली. गादीतला ॲलर्जन (ॲलर्जी आणणारा घटक) घटला, पण लक्षणांत साध्या कव्हरवाल्यांपेक्षा वेगळा फरक दिसला नाही. मग मला उतार कशाने? कव्हर घेतलं त्याच सुमाराला डॉक्टरांनी फ्लुटिकासोन फ्युरोएट या स्टेरॉइडचा नाकात मारायचा स्प्रे सुरू केला होता, रोज न चुकता, आणि मारायची पद्धतही दाखवली होती: उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या, टोक मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेरच्या बाजूला. परिणाम पूर्ण दिसायला काही आठवडे जातात. आई अजूनही म्हणते, “स्टेरॉइड आहे रे, सवय लागेल.” सवय लागते ती नाक झटक्यात मोकळं करणाऱ्या झायलोमेटाझोलिनच्या थेंबांची. ते चार-पाच दिवसांपेक्षा जास्त घातले की नाक उलट जास्त चोंदतं. आईच्या देवघराच्या कप्प्यात तीच बाटली आहे.

हिशोब करा. १२० फवाऱ्यांची बाटली, दोन्हीकडे दोन-दोन मारले तर महिनाभर. आराम पडल्यावर डॉक्टरांनी एक-एकवर आणलं, तेव्हा दोन महिने जाते.

तरी उशीची कव्हरं मी काढणार नाही. त्या दोन आठवड्यांत ती उशांवर होतीच, आणि नाक रात्रभर उशीवरच असतं. अभ्यासात उशांनाही कव्हरं होती असं डॉक्टर म्हणाले, म्हणजे माझा युक्तिवाद लंगडा आहे, पण ४५० रुपयांत मी तो चालवून घेतो.

तर गादीच्या कव्हरला पाचपैकी दोन, उशीच्या कव्हरांना साडेतीन. कापसाची गादी असणाऱ्यांनी तर मोठं कव्हर घेऊच नका. ती उचलताना मधोमध वाकते आणि सगळा ताण चेनवर येतो. पिंजून आणली की गादी एवढी फुगते की चेन लावायला दोन माणसं लागतात. आमच्या बाहेरच्या खोलीतल्या गादीवर हा प्रयोग करून झाला आहे.