सहलीचे फोटो: हार्ड डिस्क घ्यावी की क्लाउडचे पैसे भरावेत?

दिवाळीच्या सुट्टीत केरळ, मे महिन्यात हिमाचल, पावसाळ्यात आंबोली नाहीतर दाजीपूर. कोल्हापूरकर फिरतो भरपूर आणि फोटो काढतो त्याहून जास्त. फोन ‘स्टोरेज फुल’ म्हणून बोंबलायला लागला की घरात चर्चा सुरू: एकदाच पैसे टाकून डिस्क घ्यायची, की दरमहा क्लाउडचं, म्हणजे नेटवरून वापरायच्या कंपनीच्या जागेचं, भाडं भरत बसायचं? कॉम्प्युटरच्या दुकानात विचाराल तर ‘डिस्क घ्या’ हेच ऐकायला मिळेल. साहजिक आहे, दुकानदार क्लाउड विकत नाही.

आधी पैशांचं बघू. गूगलची फुकट जागा १५ जीबी, आणि मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं त्यातच. १ जून २०२१ च्या आधी ‘हाय क्वालिटी’तले फोटो त्यात मोजले जात नव्हते, ती चैन गेली. अ‍ॅपलकडे फुकट ५ जीबीच. गूगलचा १०० जीबीचा प्लॅन महिना १३० रुपये, २ टीबीचा ६५०. नुसत्या मोबाइलवर फोटो काढणाऱ्या घराला पहिला पुरतो. कॅमेरावाल्याचं गणित वेगळं. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने न दाबता जशीच्या तशी ठेवलेली) साधारण २५ ते ३० एमबीची. दाजीपूरच्या जंगलात गवा समोर आला आणि शटरवर बोट दाबून धरलं की चाळीस फोटोंत एक जीबी संपला. अशा माणसाला दरमहा भाडं भरण्यापेक्षा डिस्कच स्वस्त.

शिवाय फोटो वर चढवायला नेट लागतं. दिवसाला दीड जीबीचा मोबाइल पॅक सगळाच्या सगळा त्यात घातला, तरी १०० जीबीला दोन महिन्यांच्या वर लागतात. घरी फायबर असेल आणि अपलोडचा वेग ५० एमबीपीएस असेल, तर तेच काम साडेचार-पाच तासांत उरकतं. गूगल फोटोजमधलं ‘स्टोरेज सेव्हर’ हे जागा वाचवायचं सेटिंग चालू असेल तर मोठे फोटो १६ मेगापिक्सेलपर्यंत लहान होतात, हेही ध्यानात ठेवा. मोबाइलवर बघायला फरक कळत नाही, पण मूळ फाइल ती नव्हे.

डिस्कमध्येही दोन जाती. साधी हार्ड डिस्क स्वस्त, पण आत तबकडी फिरते; चालू असताना टेबलावरून पडली तर संपलं. एसएसडीत फिरणारं काही नाही, नुसत्या चिप; ती वेगवान आणि दणकट, पण महाग, आणि वर्षानुवर्षं वीज न लावता ठेवली तर त्यातला डेटा उडू शकतो. म्हणून प्रवासात एसएसडी, कपाटात साधी डिस्क. पेन ड्राइव्ह पाहुण्यांना फोटो द्यायला ठीक, जपून ठेवायला नाही.

माझ्या मते आपल्या गावात खरा प्रश्न किमतीचा नाही, जागेचा आहे. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं, शाहूपुरी आणि नागाळा पार्कातल्या घरांत शिरलं. लॅपटॉप टेबलावर आणि डिस्क त्याच टेबलाच्या खणात असेल, तर पुराच्या हिशेबी ती एकच कॉपी. चोरीच्या आणि आगीच्याही. दुसरी डिस्क इचलकरंजीच्या पाहुण्यांकडे ठेवण्यातही अर्थ नाही, तिथेही हीच नदी. पुण्याला शिकणाऱ्या पोराच्या खोलीवर ठेवा. ते जमत नसेल तर इथे क्लाउड सरळ जिंकतो.

पण क्लाउडचीही एक खोड आहे. गूगल फोटोजमध्ये फोनवरून फोटो डिलीट केला की तो क्लाउडवरूनही जातो. ६० दिवस ट्रॅशमध्ये पडून असतो, मग कायमचा गेला. फोन रिकामा करायचा असेल तर ‘फ्री अप स्पेस’ वापरा, ते फक्त फोनमधली कॉपी काढतं; डिलीट नव्हे. कपाटातल्या डिस्कला तुम्ही फोनवर काय पुसलं याचा पत्ताच नसतो, आणि नेमका तोच तिचा गुण.

फोटो नीट लावून ठेवण्याच्या बाबतीत क्लाउड पुढे आहे. ‘धबधबा’ म्हणून शोधलं की आंबोली समोर हजर. मात्र तिथले अल्बम तिथेच शोभतात; गूगलच्या ‘टेकआउट’ या डेटा उतरवून घ्यायच्या सोयीने सगळं खाली उतरवलं की तारखांची बरीच माहिती वेगळ्या बारक्या फाइलींत येते आणि डोक्याला ताप होतो. डिस्कवर शिस्त आपल्यालाच लावावी लागते: आधी वर्ष, मग महिना, मग गाव. ‘२०२४-१२ कूर्ग’ असं नाव दिलं की फोल्डर आपोआप क्रमाने लागतात. ‘न्यू फोल्डर’मध्ये पुन्हा ‘न्यू फोल्डर’ असेल तर देवच वाली. डिजिकॅम नावाचं फुकट सॉफ्टवेअर आपल्याच कॉम्प्युटरवर चेहरे ओळखून देतं.

घरातल्या सगळ्यांचे फोटो एकत्र करताना खरी गंमत होते. दोन आयफोनमध्ये आयएमजी ४०२१ नावाचा फोटो असतोच. कॉपी करताना ‘रिप्लेस?’ विचारल्यावर घाईत ‘हो’ दाबलं की एक गेला. प्रत्येकाचा फोल्डर वेगळा ठेवा. आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे फोटो मूळ समजू नका: ते दाबून लहान केलेले असतात, कधी आणि कुठे काढला ही आतली माहिती गेलेली असते, नावात ‘डब्ल्यूए’ असतं आणि त्यातली तारीख फोटो काढल्याची नसते. मूळ फोटो हवेच असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा.

तेव्हा फक्त मोबाइल असेल तर १०० जीबीचा क्लाउड घ्या आणि वर्षातून एकदा सगळं एका साध्या डिस्कवर उतरवा. कॅमेरा असेल तर दोन डिस्क, एक गावाबाहेर, आणि निवडक फोटो तेवढे क्लाउडवर. एकच काहीतरी परवडत असेल आणि घर नदीच्या बाजूला असेल, तर क्लाउड.

क्लाउड घेणाऱ्यांनी एक काम लगेच करावं. दोन वर्षं कुणी उघडलं नाही तर गूगल ते खातं फोटोंसकट पुसू शकतं. आई-बाबांच्या फोनवर चारधामचे फोटो असतील, तर त्यांच्या खात्यात ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ (खातं वापरात नसलं तर कुणाला कळवायचं ते ठरवायची सोय) उघडून तुमचं नाव घालून ठेवा.