दीपगृहात राहून चित्रं काढायची असतील तर हा कागद घ्या

दीपगृहातल्या आर्टिस्ट रेसिडेन्सीसाठी सगळी खरेदी मुंबईत फोर्टातच केली. त्यात सगळ्यात मोलाचा ठरला तो जलरंगाच्या कागदाचा ब्लॉक: ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), शंभर टक्के कॉटनचा, कोल्डप्रेस (म्हणजे किंचित खरखरीत पोताचा). सुट्या शीट्स नेऊ नका. ब्लॉकच्या कडा डिंकाने चिकटवलेल्या असतात, त्यामुळे ओला वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) दिल्यावर कागद फुगला तरी वाळताना ताणून पुन्हा सपाट बसतो. टेप नको, बोर्ड नको. मनोऱ्याच्या अरुंद गोल जिन्यावरून सामान चढवताना हे फार जाणवतं.

खाऱ्या, दमट हवेत रंग लवकर वाळत नाहीत. गिरगावात पंख्याखाली झटकन वाळणारं आकाश इथे बराच वेळ ओलं राहतं. पण त्यामुळेच ढगांच्या कडा इतक्या मऊ येतात! वाळलेला रंग ओल्या ब्रशने उचलून लाटेवरचा फेसही काढता येतो. लाकडी लगद्याच्या कागदावर तिथे लगेच लव उठते. कागद महाग आहे, पण पैसे वसूल.

एक मात्र सांभाळा. दमटपणाने कागदाच्या साइझिंगला (रंग चटकन शोषला जाऊ नये म्हणून केलेल्या प्रक्रियेतल्या खळीला) बुरशी लागते आणि मग तिथे रंग डागासारखा शोषला जातो. हवाबंद पिशवी आणि आत सिलिका जेलच्या पुड्या, एवढं कराच.

निघण्याआधी मी कुलाब्याच्या टोकाचं, १८७५ सालचं प्राँग्जचं दीपगृह रंगवून कागद तपासला होता. ओहोटीला उघडे पडणारे काळे खडक याच्या खरखरीत पोतावर ड्राय ब्रशने (जवळजवळ कोरड्या ब्रशने) फार देखणे उतरले.