रविवार कारंज्याजवळचा गोटी सोडा: आधी पाणी गार, मग गॅस

नाशिकमध्ये सोडा प्यायचा असेल तर रविवार कारंज्याजवळच्या गोटी सोड्याच्या दुकानात जा आणि पहिल्यांदा साधा सोडा मागा. लिंबू नको, जिरा नको, मसाला तर नकोच. साध्या सोड्यात लपवायला काही नसतं. पाणी किती गार आहे, गॅस किती मुरला आहे आणि बाटली किती स्वच्छ आहे, हे सगळं पहिल्या घोटात कळतं.

दुकानाला पाटी नाही. कारंज्याकडून मेन रोडला लागलं की हिरव्या बाटल्यांचे क्रेट फुटपाथच्या कडेला रचलेले दिसतात, तेच दुकान. आत एक काका आणि त्यांचा मुलगा. बसायला जागा नाही, उभ्यानेच प्यायचं. साधा सोडा वीस रुपये, लिंबू सोडा तीस.

मी रेफ्रिजरेशनचं काम करतो. द्राक्षाच्या सीझनला पिंपळगाव, ओझर, दिंडोरी पट्ट्यातली कोल्ड स्टोरेज आणि उन्हाळ्यात शहरातले डीप फ्रीजर. त्यामुळे कुठेही गार काही प्यायला गेलो की आधी मशीनकडे नजर जाते. इथे काय दिसलं, तर पाण्याची स्टीलची टाकी चिलरला जोडलेली, टाकीतून गार झालेलं पाणी बाटलीत, आणि मग त्यात सिलिंडरचा गॅस. बाटली लोखंडी पिंजऱ्यात आडवी घट्ट बसवतात आणि हँडल मारून पिंजरा गरगर फिरवतात. फिरवल्याने पाणी घुसळतं आणि गॅस पटकन मुरतो. पिंजरा का, हे सांगायला नको. दाबाखाली काच कधीही दगा देऊ शकते. काकांचा मुलगा जाड हातमोजे घालूनच भरतो, हे मला फार आवडलं.

या दुकानाचं सगळं यश एका क्रमात आहे: आधी पाणी गार, मग गॅस. बरेच जण उलटं करतात. नळाच्या तापमानाच्या पाण्यात गॅस भरायचा, बाटल्या नंतर फ्रीजमध्ये ठेवायच्या, आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं तर ग्लासात बर्फ टाकून द्यायचा. इथे विज्ञान अगदी सरळ आहे. पाणी जितकं गार तितका त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळतो. हवेच्या साधारण दाबाएवढ्या दाबाखाली हा वायू एक लिटर पाण्यात शून्य अंशाला सुमारे ३.३ ग्रॅम मावतो, २० अंशांना १.७ ग्रॅम, आणि ४० अंशांना एक ग्रॅमच्याही आत. दाब वाढवला की त्या प्रमाणात जास्त मावतो. हा नियम इंग्लंडच्या विल्यम हेन्रीने १८०३ साली मांडला. म्हणजे मे महिन्यात टाकीतलं तापलेलं पाणी घेऊन कितीही गॅस सोडला तरी झाकण उघडताच तो निघून जाणार. द्राक्षबागेतून आलेला माल आम्ही आधी प्री-कूलिंगला लावतो, आतली उष्णता काढतो आणि मगच साठवणीच्या खोलीत नेतो. काकांचं तेच तत्त्व आहे.

माझ्या पिशवीत प्रोबवाला थर्मामीटर असतोच. काकांना विचारून बाटली उघडल्या उघडल्या तो ग्लासात धरला, ५ अंश. बर्फ अजिबात नाही. काका म्हणाले, "भाऊ, बर्फ टाकला तर माझा सोडा उडून जातो." खरं आहे. बर्फाचा खडबडीत पृष्ठभाग सोड्याला लागला की बुडबुड्यांचा नुसता धबधबा होतो, आणि वितळलेलं पाणी चव पातळ करतं ते वेगळंच. कॉलेज रोडवरच्या एका ज्यूस सेंटरमध्ये मी लिंबू सोडा घेतला तेव्हा अर्धा ग्लास बर्फच होता आणि वरून मोठ्या प्लास्टिकच्या बाटलीतला सकाळपासून उघडलेला सोडा. थर्मामीटरवर आकडा छान दिसला, पण जिभेला काही लागलं नाही. उघड्या बाटलीतून गॅस सुटतोच, आणि बंद प्लास्टिकच्या बाटलीच्या भिंतीतूनही तो हळूहळू झिरपत असतो. काचेतून झिरपत नाही. म्हणून जुनी गोटीची बाटली आजही कामाची आहे.

ही बाटली इंग्लंडच्या हायरम कॉडची. १८७२ साली त्याने तिचं पेटंट घेतलं. बूच नाही, पत्र्याचं झाकण नाही. बाटली उलटी असताना भरायची, गोटी आपल्या वजनाने गळ्यात उतरते, आणि आतला गॅसच तिला रबरी रिंगवर दाबून धरतो. ज्या दाबाला बाहेर पडायचं आहे तोच दाब तोंड बंद करतो! मला आजवर भेटलेल्या सगळ्या व्हॉल्व्हमध्ये हा सर्वांत सुंदर वाटतो. जपानमध्ये रामुने नावाचं पेय अजूनही याच जातीच्या बाटलीत विकतात. आपल्याकडे गोटी अंगठ्याने किंवा लाकडी खुंटीने आत ढकलतात आणि तो फस्स् आवाज येतो. पिताना एक लक्षात ठेवा: गळ्याला एका बाजूला दोन खळ्या असतात, ती बाजू खाली येईल अशी बाटली तिरपी करायची. गोटी खळ्यांवर अडते आणि धार मोकळी राहते. ती बाजू वर राहिली तर गोटी परत तोंडाशी येऊन बसते, आणि मग लोक बाटली हलवत बसतात. रिंग झिजली तर बाटली गळते. काका दर भरणीला रिंग बोटाने चाचपून बघतात, हेही मी पाहिलं.

आता लिंबू सोड्याबद्दल, कारण बहुतेक जण तोच घेतात. काका ग्लासात आधी लिंबू पिळतात, गाळणीतून. त्यात मीठ, पादेलोण आणि थोडी साखर टाकून चमच्याने पूर्ण विरघळवतात, आणि मग ग्लास तिरपा धरून कडेने सोडा सोडतात. त्यानंतर चमचा लावत नाहीत. बहुतेक ठिकाणी सोडा आधी आणि वरून मिठाची चिमूट. फेस भसाभस वर येतो, गिऱ्हाईक खूश होतं, पण तो फेस म्हणजे तुमच्या पैशांचा गॅस हवेत गेला. झालं काय, तर स्वच्छ पाण्यात बुडबुडा आपोआप सहज तयार होत नाही. त्याला धरायला काहीतरी लागतं, एखादी बारीक भेग, कण, धागा, ज्यात हवेचा अगदी सूक्ष्म कप्पा अडकलेला असतो. त्या कप्प्यात आजूबाजूचा वायू शिरतो, बुडबुडा फुगतो, सुटतो, आणि वर जाताना आणखी वायू गोळा करत मोठा होतो. मिठाचे कोरडे दाणे म्हणजे असे हजारो कप्पे एकदम टाकणं. शिवाय विरघळलेलं मीठ पाण्यातली वायूची जागाही थोडी कमी करतं. लिंबाच्या गराचंही तसंच, म्हणून गाळणी.

ग्लास फडक्याने पुसला असेल तर त्याचे तंतू काचेला चिकटतात आणि नेमक्या त्याच जागांवरून बुडबुड्यांच्या माळा वर जाताना दिसतात. काका ग्लास पुसत नाहीत, धुऊन पालथे घालतात. वाइनवाले उलट मुद्दाम हे करतात. स्पार्कलिंग वाइनच्या काही ग्लासांच्या तळाला लेसरने बारीक ओरखडे काढलेले असतात, बुडबुड्यांची धार सतत दिसावी म्हणून. आपल्याकडे गंगापूर धरणाच्या बाजूला वाइन चाखायला जाणाऱ्यांनी पुढच्या वेळी ग्लासाच्या तळाकडे जरूर बघावं.

नाकात जाणाऱ्या झिणझिण्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती ऐकून काकाही थांबले होते. आपल्याला वाटतं बुडबुडे जिभेवर फुटतात म्हणून टोचतं. ते मुख्य कारण नाही. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की थोडं कार्बोनिक आम्ल होतं, आणि आपल्या जिभेवरच्या आंबट चवीच्या पेशींवर कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज नावाचं एन्झाइम असतं, ते हे आम्ल बनवायचं काम झपाट्याने करतं. टोचतं ते मुख्यतः या आम्लामुळे. २००९ साली शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं. गिर्यारोहक उंचीचा त्रास होऊ नये म्हणून अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी घेतात, ती हेच एन्झाइम अडवते. त्या गोळीवर असताना सोडा किंवा बिअर प्यायली तर बुडबुडे दिसतात, पण चव मेल्यासारखी लागते. म्हणजे सोड्याचा ठसका डोळ्यांना दिसतो त्यात नाही, विरघळलेल्या गॅसमध्ये आहे. म्हणून फेस बघून सोडा निवडू नका.

रविवारी मिसळीवर हा सोडा पिणारे पुष्कळ येतात आणि "पचायला बरं" म्हणतात. ढेकर येते ती पोटात गेलेल्या गॅसचीच, मिसळ पचल्याची पावती नव्हे. तिखट तोंडाला गार सोडा छान लागतो, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

मुलं बरोबर असतील तर खिशात दोन बेदाणे ठेवा. आपल्या जिल्ह्यात त्यांची काही कमी नाही. साध्या सोड्याच्या ग्लासात टाकले की आधी बुडतात, सुरकुत्यांत बुडबुडे अडकतात, बेदाणा वर येतो, वर बुडबुडे फुटतात आणि तो परत खाली. माझी भाची हे बघायला इथे येते. मी याचा दुकानांची परीक्षा घ्यायलाही उपयोग करतो: सोड्यात गॅस जितका जास्त, तितका वेळ बेदाणे नाचतात. इथे ते आम्ही निघेपर्यंत नाचत होते. त्या कॉलेज रोडच्या ग्लासात एकदाच वर आले आणि तळाला बसले.

उणीव म्हणाल तर काला खट्टा. सिरप फार गोड आहे, त्यात सोड्याची चव हरवते. मसाला सोड्यातला मसाला न विरघळणारा, त्यामुळे निम्मा गॅस ग्लास हातात येईपर्यंत जातो. काकांना सांगितलं, तर म्हणाले, "लोकांना फेस लागतो, भाऊ." तिथे मी त्यांच्याशी सहमत नाही. उन्हात उभं राहावं लागतं, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना घेऊन दुपारी जाऊ नका, आणि गाडी लावायला तर जागाच नाही. संध्याकाळी सहानंतर गर्दी इतकी होते की चिलरमधलं पाणी गार व्हायच्या आत भरावं लागतं. त्या वेळी माझा थर्मामीटर ११ अंश दाखवत होता आणि सोडा लगेच ढिला लागला. टाकी मोठी घ्या, असं मी काकांना सुचवलं आहे आणि बसवायला येतो म्हणूनही सांगितलं आहे. तोवर सकाळी अकराच्या सुमाराला जा, बाटली तुमच्यासमोर उघडायला सांगा, आणि स्ट्रॉ घेऊ नका.