उंच माणसासाठी कोणता रोलर कोस्टर: रूगारू की मिलेनियम फोर्स?

अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या सीडर पॉइंट उद्यानात सव्वासहा फूट उंचीच्या माणसापुढे खरा प्रश्न वेगाचा नसून आसनात नीट मावण्याचा असतो. रूगारूच्या डब्यांना २०१५ पासून तळ नाही, त्यामुळे लांब पाय मोकळे लोंबकळतात. मात्र वरून खाली येणारी सुरक्षा-चौकट लांब धडाच्या माणसाच्या खांद्यांवर दाबून बसते आणि उलट्या वळणांमध्ये हा दाब, माझ्या मते, गुडघ्यांच्या कोणत्याही अडचणीपेक्षा अधिक त्रासदायक ठरतो. २००० साली सुरू झालेल्या, ३१० फूट उंचीच्या मिलेनियम फोर्समध्ये लॅप बार, म्हणजे आसनावरचा सुरक्षा-दांडा, केवळ मांड्यांवर टेकत असल्याने खांदे व मान मोकळी राहतात. गुडघे तेवढे दुमडून घ्यावे लागतात, आणि ते मी आनंदाने दुमडेन.